शेजारी रोज पाचोळा जाळतात आणि धूर आमच्या घरात येतो. पोलिसांत तक्रार करावी का?

आपण लिहिले आहे की निवृत्तीनंतर आपण रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यावरच्या गावी राहायला आलात, शेजारचे गृहस्थ रोज दुपारी वाडीतला पाचोळा पेटवतात, आपल्या आईंना दमा आहे, आणि तक्रार करावी की सोसावे हे ठरत नाही. तक्रार करता येते. पण त्याआधी तो शेजारी आपला भाऊबंद आहे का, आणि त्याच्याशी गडग्याचा (दगडी कुंपणाचा), पाणंदीचा किंवा सामाईक विहिरीचा काही वाद चालू आहे का, हे पाहावे. असा वाद असेल तर आपली तक्रार धुराची राहत नाही, ती जमिनीची होते, आणि जमिनीची तक्रार कोकणात एका पिढीत मिटत नाही.

मी दापोली तालुक्यात किनाऱ्यावरच्या गावी लग्न होऊन आले आणि येथेच राहिले. आमच्या गावाची रचना मुरूड, आंजर्ले, गुहागर येथे दिसते तशीच आहे: मध्ये रस्ता, रस्त्याला तोंड करून घरे, आणि पश्चिमेच्या प्रत्येक घरामागे पुळणीपर्यंत, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूपर्यंत, गेलेली नारळी-पोफळीची अरुंद, लांबट वाडी. आमच्या उत्तरेची वाडी माझ्या चुलत दिरांची. ते डोंबिवलीला नोकरी करून निवृत्तीनंतर गावी परतले, जुने घर पाडून बंगला बांधला, अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले आणि त्यांवर एकही पान दिसता कामा नये असा नेम धरला. गावातला माणूस अडाणीपणाने जाळतो आणि शहरातून आलेल्याला त्याचा त्रास होतो, असा काहीसा सूर आपल्या प्रश्नात आहे. माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे. आमच्या गावात रोज जाळण्याची सवय आली ती अशा लख्ख अंगणांबरोबर.

भावोजींचे उत्तर ठरलेले असे. ‘वहिनी, गावात हे चालतंच, आपले आजोबासुद्धा भाजत होते.’ आजोबा भाजत होते हे खरे, पण काय भाजत होते? भाजावळ ही भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपे वाढवण्याच्या जागेसाठी, वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वीच्या कोरड्या दिवसांत केली जाते. शेण, कवळे (तोडलेल्या पानाळ फांद्या), गवत, पाचोळा आणि वर मातीचा थर रचून ती वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने पेटवतात, म्हणजे आग सावकाश सरकते, तणाचे बी मरते आणि राख जागच्या जागी राहते. तिला कारण आहे, जागा आहे आणि दिवसही ठरलेला आहे. हापूसची पाने, नारळाची ओली सोडणे (काथ्याची साले), बिस्किटांची वेष्टने आणि थर्माकोलच्या ताटल्या एकत्र करून दुपारच्या जेवणानंतर पेटवून देणे ही भाजावळ नव्हे, आणि तिला आजोबांचे नाव देणे हा आजोबांवर अन्याय आहे. (शिमग्याच्या होळीच्या धुराचा मुद्दा कोणी काढू नये. ती एका रात्रीची असते आणि तिच्याभोवती सगळा गाव उभा असतो.)

दुपारचीच वेळ का वाईट, हे शहरातून आलेल्यांना सांगावे लागते. किनाऱ्यावर रात्री आणि पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ऊन तापले की दहा-अकराच्या सुमारास तो पडतो आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, जो उन्हाळ्यात आमच्या बाजूला बहुधा वायव्येकडून येतो आणि दिवस मावळेपर्यंत टिकतो. म्हणजे उत्तरेच्या वाडीत दुपारी पेटलेली आग स्वतःच्या मालकाला त्रास देतच नाही. तिचा सगळा धूर दक्षिणेच्या, म्हणजे आमच्या, मागील पडवीत शिरतो आणि माजघरातून ओटीपर्यंत येतो. भावोजींना धूर होतो हे बराच काळ मनापासून पटतच नव्हते, कारण त्यांच्या खिडकीतून तो दिसतही नसे.

माझ्या सासूबाईंना दमा होता. एका मार्च महिन्यात भावोजींनी गडग्यालगत सोडणांचा मोठा ढीग पेटवला. सोडण वरून कोरडे दिसले तरी आत ओल धरून असते. ते भडकत नाही, धुमसते आणि ढीग मोठा असेल तर काही दिवस धुमसत राहते. त्यात कोणीतरी भाजलेल्या काजूबियांची टरफले टाकली होती. काजूच्या टरफलातले तेल कातडीला लागले तर फोड येतात, हे काजू फोडणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असते, आणि त्याचा धूरही डोळ्यांना व घशाला तसाच झोंबतो. संध्याकाळी वारा पडला, थंड हवेबरोबर धूर जमिनीलगत बसला, आणि दारे-खिडक्या लावून घेतल्या तरी तो कौलांतून उतरू लागला. रात्री सासूबाईंना श्वास पुरेना. रिक्षा मिळवून आम्ही त्यांना तालुक्याच्या गावी नेले, तेथे प्राणवायू आणि नेब्युलायझर लावल्यावर पहाटे त्या जरा सावरल्या. घरी परतलो तेव्हा ढीग धुमसतच होता आणि आमच्या बाजूच्या कलमाच्या खालच्या फांद्यांवरच्या कैऱ्या करपून काळ्या पडल्या होत्या. भावोजी सकाळी गडग्यापाशी येऊन म्हणाले की म्हाताऱ्या माणसांना वयामुळे असे होतच असते. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

यजमानांनी प्रकरण गावच्या तंटामुक्त समितीपुढे नेले. तंटामुक्त गाव मोहीम राज्यात 2007 मध्ये सुरू झाली, आणि गावातल्या गावात वाद मिटवण्यासाठी तिचा उपयोग होतो, असे मी इतर गावांतून ऐकले आहे. आमच्याकडे समितीने दोघांना समोर बसवले, दोघांनी सलोख्याने राहावे असे वहीत लिहिले, चहा झाला आणि पुढच्या आठवड्यात आग पुन्हा पेटली. बैठकीत वडिलोपार्जित गडगा कोणाच्या हद्दीत आहे याचीच चर्चा अधिक झाली. धुराचा विषय निघाला तेव्हा एका सदस्यांनी धुराने डास जातात असे सांगितले. जातात, धूर असेपर्यंत. धूर विरला की परत येतात.

शेवटी जे चालले ते असे. मी भावोजींच्या पत्नीकडे, म्हणजे माझ्या जाऊबाईंकडे, पाचोळा मागितला. जाळू नका असे म्हटले नाही. त्यांच्या गड्याने झाडलेला सगळा पाचोळा पेटवण्याऐवजी गडग्याच्या खिंडीतून आमच्या वाडीत टाकावा, पुढे काय करायचे ते आम्ही पाहू, एवढेच सांगितले. गड्याचे काम वाचले, जाऊबाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणारी राख थांबली, आणि भावोजींना कोणापुढे हरल्यासारखे वाटायचे कारण उरले नाही. माझे ठाम मत आहे की शेजाऱ्याला ‘जाळू नका’ म्हणणे फुकट आहे, कारण पान तर पडतच राहणार. नारळाचे एक झाड वर्षाला बाराच्या आसपास झावळ्या टाकते. चाळीस माडांच्या वाडीत त्या पाचशेच्या घरात जातात, आणि आंबा, फणस, काजूची पाने वेगळीच. त्या सगळ्याला जागा दाखवल्याशिवाय आग थांबत नाही.

जागा अशी दाखवावी. सोडणे जाळणे म्हणजे पाणी जाळणे आहे. माडाच्या बुंध्यापासून चार-पाच हात अंतरावर चर खणून ती खोलगट बाजू वर ठेवून थराथराने पुरावीत आणि मातीने झाकावीत. पावसाळ्यात ती पाणी पितात आणि उन्हाळ्यात मुळांना देतात. झावळीचे झाप विणता येतात, हिरांचा खराटा होतो, पिढे (झावळीचे जाड देठ) आणि पोया (फुलोऱ्यावरची आवरणे) न्हाणीच्या चुलीला लागतात. आंब्याचे पान मात्र चिवट असते, नुसते टाकून ठेवले तर वर्षभर तसेच राहते. त्याचा वीतभर थर, त्यावर शेणकाला, त्यावर दोन घमेली माती, असे कमरेइतके रचून झावळ्यांनी झाकावे आणि अधूनमधून पाणी शिंपावे. हे खड्ड्यात न करता जमिनीवर, भोवती चिरे लावून करावे, कारण आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि खड्डा तळ्यासारखा भरतो. होळीनंतर रचलेला ढीग दिवाळीनंतर काढण्याजोगा होतो. राखेत पालाश असते हे खरे, पण नत्र धुरातून उडून जाते आणि उरलेली राख पहिल्या मुसळधार पावसात पुळणीवर जाते. आपल्या जांभ्याच्या मातीत मुळातच टिकाव नाही, तिला कुजलेले पान हवे असते. हे सगळे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे लोक 1972 पासून सांगत आले आहेत आणि त्यांच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर लोक पाने जाळत आले आहेत.

पाचोळ्यात साप लपतात म्हणून तो जाळावा असे म्हणतात, त्यातला सापांचा मुद्दा तेवढा खरा आहे. आपल्या जिल्ह्यात फुरसे भरपूर, आणि पाचोळ्यात ते दिसत नाही. म्हणून घराभोवतीचे अंगण झाडलेलेच असावे आणि ढीग घरापासून दूर, शक्यतो वाडीच्या टोकाला असावा. पण झाडणे वेगळे आणि जाळणे वेगळे, हे भावोजींना आजही मान्य नाही.

आता भावोजी गावात असे सांगतात की वहिनींना धुराचा त्रास कधी नव्हताच, त्यांना फुकट खत हवे होते. हा आरोप लग्नकार्यात, ग्रामसभेत आणि एकदा तर देवळाच्या पायरीवरही झाला आहे, म्हणून येथे लिहून ठेवते. मी खत मागितले, ते तक्रारीचा उपयोग झाला नाही तेव्हा. सासूबाई तालुक्याला गेल्या त्या आधी. खताचा पहिला ढीग निघाला तेव्हा त्यातली निम्मी घमेली भावोजींच्याच पोफळींना घातली, आणि ती वाहून नेणारा गडी अजून गावातच आहे, त्याला कोणीही विचारावे. शिवाय फुकट खत हवे असणे हा गुन्हा असेल तर तो कोकणातल्या प्रत्येक शहाण्या बाईने केलेला आहे.

कायद्याचे आपण विचारले होते, ते राहू नये. हवा आरोग्याला अपायकारक करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 280 खाली गुन्हा आहे आणि त्याला एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. यावरूनच त्याचा धाक किती ते समजावे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई करून साध्या प्रकाराला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली. ग्रामपंचायतीकडे अर्ज करताना या आदेशाचा उल्लेख करावा. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली देऊ शकतात, पण त्यासाठी त्रास केवळ आपल्या घरापुरता नसून आजूबाजूच्या इतर घरांनाही होतो हे दाखवावे लागते, तेव्हा अर्जावर त्यांच्याही सह्या घ्याव्यात. तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा दिसेल अशी छायाचित्रे ठेवावीत.

हेही सांगायला हवे की माझा उपाय पाने आणि सोडणे जाळणाऱ्या शेजाऱ्यापुरताच आहे. तो प्लास्टिक, पीव्हीसीचे पाइप किंवा टायर जाळत असेल तर पाचोळा मागत बसू नका. त्या धुरात विषारी वायू असतात, तेथे लेखी अर्ज पहिल्याच दिवशी करावा, भाऊबंद असला तरी. आईंच्या डॉक्टरांकडून अचानक दम लागल्यास काय द्यायचे ते आधीच लिहून घ्यावे आणि पंप त्यांच्या उशाशी असावा. दुपारी वाऱ्याकडच्या खिडक्या लावून पूर्वेच्या उघड्या ठेवाव्यात. आणि भाजावळीच्या दिवसांत शेतकरी पेटवणारच आहेत, त्याला आपण किंवा मी अडवू नये. कोणत्या दिवशी पेटवणार ते आदल्या दिवशी विचारून घ्यावे आणि तेवढ्यापुरते आईंना वरच्या वस्तीतल्या एखाद्या नातेवाइकाकडे न्यावे.