डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका, पूर्ण फाइल मागा

प्रश्न : मी इंदूरला रामबागेत राहते. दोन महिन्यांपूर्वी एका खासगी हॉस्पिटलात माझं पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याच दिवशी घरी सोडलं. त्या रात्रीपासून पोट फुगलं, ताप आला. फोन केले तर ‘गॅसेस आहेत, होईल कमी’ एवढंच उत्तर. शेवटी दुसऱ्या हॉस्पिटलात कळलं की आत पित्त गळतंय. स्टेंट (पित्तनलिकेत घालायची बारीक नळी) घालावा लागला. पहिलं हॉस्पिटल आता फाइल देत नाही. वर ‘कुठलीही तक्रार नाही’ असं लिहून द्या, थोडे पैसे परत करू, म्हणतात. बिल विमा कंपनीनं भरलं होतं. पोलिसांत जाऊ का?

उत्तर : ताई, पोलिसांत आत्ता जाऊ नका. जेकब मॅथ्यू खटल्यात सुप्रीम कोर्टानं २००५ मध्ये सांगून ठेवलंय की डॉक्टरवर फौजदारी गुन्हा चालवायला निष्काळजीपणा अतिशय गंभीर असावा लागतो, आणि आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. फाइल नसताना ते मत तरी कोण देणार?

म्हणून आधी फाइल. पित्त गळणं ही या ऑपरेशनची माहीत असलेली गुंतागुंत आहे. ती चांगल्या सर्जनच्या हातूनही होते. तेवढ्यावर केस उभी राहत नाही. खरा प्रश्न नंतरचा आहे : घरी सोडताना तुमची तब्येत कशी होती, आणि तुम्ही फोनवर त्रास सांगितल्यावर तपासायला का बोलावलं नाही?

याचं उत्तर डिस्चार्ज कार्डात सापडत नाही. ऑपरेशनची नोंद, भुलेचा कागद, संमतीपत्र, औषधांचा तक्ता आणि सिस्टर भरतात तो नाडी-ताप-बीपीचा चार्ट, हे सगळं नाव घेऊन मागा. मी सर्वांत आधी तो चार्ट बघते. सोडायच्या दिवशी सकाळी नाडी चढत गेलेली दिसली, पोटातल्या नळीतून हिरवट पाणी, म्हणजे पित्त, आल्याची नोंद असली आणि तरीही ‘प्रकृती समाधानकारक’ लिहून घरी पाठवलं असेल, तर जाब तिथेच विचारायचा.

अर्ज हिंदीत लिहा, पुढे सगळीकडे हिंदीच लागेल. हॉस्पिटलच्या रिसेप्शनला देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांप्रमाणे भरती रुग्णाचे कागद ३ वर्षं जपावे लागतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात. नाकारणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरतं. तसं झालं तर भोपाळला मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलकडे आणि इथे इंदूरच्या सीएमएचओंकडे (जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकारी) तक्रार करा. खासगी नर्सिंग होमची नोंदणी १९७३च्या राज्य कायद्याखाली त्यांच्याच देखरेखीत असते. आणखी एक वाट आहे, ती बहुतेकांना सुचत नाही. क्लेमसाठी हॉस्पिटलनं बरेच कागद विमा कंपनीला पाठवलेले असतात. तिथेही प्रती मागा, आणि दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवून वाचा.

तुमच्या फोनमधले कॉल आणि व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका, हँडसेटही बदलू नका. कोर्टात ते इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणून प्रमाणपत्रासह द्यावे लागतात.

पैसे विमा कंपनीनं भरले म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं होत नाही. सुप्रीम कोर्टाच्या १९९५च्या व्ही. पी. शांता निकालानं हे स्पष्ट केलंय. इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मुदत २ वर्षांची. भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. मुदत आहे म्हणून बसून मात्र राहू नका. फाइल आली की दुसऱ्या सर्जनला दाखवा. त्यांनी ‘उपचार बरोबर होते’ म्हटलं, तर तेही तुम्हाला हवं असलेलं उत्तरच आहे. ते मन घट्ट करून ऐका.

आणि त्या ‘तक्रार नाही’च्या कागदावर सही करू नका. पैसे परत करायचे तर अट न घालता करा, असं लेखी कळवा. त्यांनी तो कागद तुमच्या हाती दिला असेल, तर फाडून टाकू नका. फाइलीच्या अर्जाची जी प्रत तुमच्याकडे राहील, तिला जोडून ठेवा.