भाकरीचं पीठ किटालेतच मिळेल

प्रश्न : सलाम मावशी. मी नवापूर तालुक्यातली, मावची समाजातली. मिस्टर केनियात किटालेजवळच्या मिशन दवाखान्यात लॅबमध्ये आहेत, शनिवार-रविवार खेड्यातल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, बायबलचं वचन सांगायला जातात. मी नुकतीच आले. मला डिपेंडंट पास, म्हणून पगाराचं काम करता येत नाही. बाजारात मला दुकानदार शेठची बायको समजून भाव वाढवतात. शेजारच्या बाया पोरांच्या फीसाठी पैसे मागतात. एकीला दिले की दुसरी येते. मक्याची उगाली घशाखाली उतरत नाही. रोज रात्री आठला आईला व्हिडिओ कॉल करते आणि रडते. मी सेवेला आले की नुसती घर सांभाळायला?
— एक बहीण, किटाले

उत्तर : सलाम बेटा. आधी फोनचं सांगते. तुझे रात्रीचे आठ म्हणजे नवापूरला साडेदहा. दिवसभर शेतात राबलेली तुझी माय झोप मोडून तुझं रडणं ऐकते, फोन ठेवल्यावर तू झोपतेस, ती जागी राहते. रविवारी उपासनेनंतर एकदा फोन कर, आणि त्या दिवशी बाजारात काय घेतलं ते सांग.

आता शेठचं. इंग्रजांनी 1896 ते 1901 मध्ये मोंबासा ते किसुमू रेल्वे टाकली, त्यासाठी हजारो मजूर आपल्याकडून नेले, बहुतेक पंजाबातले. रुळांच्या मागोमाग गुजराती दुकानं गेली. तेव्हापासून त्या बायांनी इंडियन माणूस पाहिला तो बहुधा गल्ल्यामागे बसलेला. मी किसुमूकडे नर्स होते तेव्हा मलाही साखरेचा भाव विचारायचे! यावर माझं मत जरा उलटं आहे: पहिलं वर्ष देऊ नकोस, माग. शेजारणीकडे मीठ माग, सुकुमा विकीची पालेभाजी कशी चिरतात ते शिकव म्हण, बाजारात तिला सोबत ने. गोरोगोरोच्या डब्यानं मका-घेवडा मोजताना डबा कसा भरून घ्यायचा, हे तिच्याशिवाय कोण दाखवणार? आणि मयत झाली की जा. तिकडे मयतीला चार-चार दिवस माणसं जमतात, बाया मोठमोठ्या पातेल्यांत रांधतात. भाषा येत नसली तरी कांदे चिरता येतात. चुलीपाशी बसलेल्या बाईला कोणी शेठाणी म्हणत नाही.

स्वाहिलीला घाबरू नकोस. तू शाळेत गेलीस तेव्हा मराठी तरी कुठे येत होती? घरी मावची, वर्गात मराठी, बाजारात अहिराणी आणि गुजराती. चार भाषा तू पुस्तकाआधी कानानं शिकलीस. फक्त घड्याळ सांभाळ: ते तास सकाळी सहापासून मोजतात, म्हणून सकाळी तीनला ये म्हटलं तर नऊला जायचं.

फीचे पैसे कोणाच्याच हातात देऊ नकोस, एम-पेसावर, म्हणजे मोबाईलवरून पैसे पाठवायच्या सोयीवर, तर नाहीच. मोबाईलवर निरोप येतो, आपला अंगठा लगेच दाबला जातो. मिस्टरांसोबत बसून महिन्याची रक्कम ठरवा आणि मंडळीच्या वडिलांकडे, म्हणजे चर्चच्या जाणत्या पुढाऱ्यांकडे, द्या. कोणाची गरज खरी, हे ते तुझ्यापेक्षा चांगलं ओळखतात. दारात आलेल्या बाईला चहा दे, बसव, आणि वडिलांकडे पाठव. तरी काही बाया रुसतीलच.

भाकरीसाठी रडू नकोस. ज्वारी आणि नाचणी मुळात आफ्रिकेचीच पिकं, तिथूनच आपल्याकडे आली. बाजारात मटामा म्हणून ज्वारी आणि विंबी म्हणून नाचणी माग. पीठ विकत घेतलंस तर हुंगून घे, ते जुनं असलं की भाकरी चिरते. त्यापेक्षा धान्य आणून चक्कीवरून दळ. उडीद मिळाला तर त्यात घाल, कळण्याची होईल. पहिली भाकरी शेजारणीला दे. ती तोंड वाकडं करेल, करू दे.

सेवेला आले का, हे तू मला आता विचारू नकोस, पुढच्या कापणीला विचार. मिस्टर रविवारी जातात त्या मंडळीत तूही जा, घरात बसू नकोस. उपासना तीन तास चालते, पाहुण्यांना उभं करून बोलायला लावतात. दोन वाक्यं पाठ करून जा, आणि मावचीत एक गीत म्हण. टाळ्या धरतील.

एक कामाची गोष्ट. नाताळला घरी येणार असशील तर यलो फीवरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घे आणि पिवळं कार्ड पर्समध्ये ठेव. केनियाहून येणाऱ्यांकडे ते नसेल तर मुंबईत सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात, मग नवापूरची गाडी गेलीच समज.