सुट्टीतले भयपट: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

नाताळच्या सुट्टीत फारसे न गाजलेले भयपट पाहायचा बेत बऱ्याच जणांनी आखलेला दिसतोय. त्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. कुठला सिनेमा कुठल्या ओटीटीवर आहे ते मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण ती यादी सारखी बदलते आणि अंक हातात पडेपर्यंत शिळी होते.

आम्ही चौघं मित्र, चार रात्री मोकळ्या. नेहमीचे हॉलिवूडचे भयपट पाहून झालेत. काय पाहावं आणि कुठल्या क्रमाने?
— वाचक, कोल्हापूर

पहिल्या रात्री लांब सिनेमा लावू नका. सुट्टी लागलेली असते, गप्पा रंगतात आणि संथ भयपटाची वाट लागते. इंग्लंडमध्ये नाताळात भुताच्या गोष्टी सांगायची जुनी पद्धत आहे. एम. आर. जेम्स हे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधले विद्वान आपल्या कथा नाताळात मित्रांना वाचून दाखवत. बीबीसीने १९७१ ते १९७८ या काळात दर नाताळाला एक छोटी भूतकथा दाखवली. त्यातली १९७६ची ‘द सिग्नलमन’ डिकन्सच्या कथेवर आहे आणि जेमतेम चाळीस मिनिटांची आहे. तिच्या जोडीला जेम्सच्याच कथेवरची १९६८ची ‘व्हिसल अँड आय विल कम टू यू’ लावा. तीही तेवढीच. दोन्ही मिळून दीड तासाच्या आत संपतात आणि पुढच्या रात्रींसाठी डोळा आणि कान तयार होतात.

दुसऱ्या रात्री ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ (१९६२). दिग्दर्शक हर्क हार्वी कॅन्ससमध्ये शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट बनवायचे. पूर्ण लांबीचा सिनेमा त्यांनी हा एकच केला. नायिका चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि संगीतही जवळपास सगळं ऑर्गनचंच आहे. मध्ये एका दुकानात अचानक सगळे आवाज बंद होतात. तिथे रिमोट शोधायला उठू नका, ते मुद्दाम केलेलं आहे.

तिसऱ्या रात्री जपानी ‘काइरो’ (२००१, दिग्दर्शक कियोशी कुरोसावा), साधारण दोन तासांचा. यातली भुतं अंगावर धावून येत नाहीत. खोलीच्या कोपऱ्यात, अर्धवट अंधारात उभी असतात. म्हणून या रात्री टीव्हीची सेटिंग नीट हवीत, त्याबद्दल पुढच्या उत्तरात लिहिलं आहे. जेवण जड झालं असेल तर हा सिनेमा अकराला सुरू करू नका. अर्ध्यावर दोघं तरी घोरायला लागतील आणि दोष सिनेमाला लागेल.

शेवटच्या रात्री ऑस्ट्रेलियाचा ‘लेक मंगो’ (२००८). बुडून मेलेल्या मुलीच्या कुटुंबावरचा माहितीपट असावा असं त्याचं रूप आहे. मुलाखती, घरगुती व्हिडिओ, फोटो. दीड तासात संपतो, पण नावं सुरू झाली की उठायचं नाही. आधी पाहिलेली काही दृश्यं श्रेयनामावलीत पुन्हा येतात आणि त्यांत नजरेतून निसटलेलं काहीतरी दिसतं. ओटीटी ॲप नावं सुरू झाली की चित्र कोपऱ्यात बारीक करतं आणि भलतंच काहीतरी सुरू करतं. त्यासाठी प्रोफाइलच्या सेटिंगमधला ‘ऑटोप्ले’ आधीच बंद करून ठेवा. ऐनवेळी रिमोटशी झटापट करण्यात ती दृश्यं निघून जातात.

नवा मोठा टीव्ही घेतला. जुने सिनेमे त्यावर मालिकेसारखे गुळगुळीत दिसतात आणि अंधारातली दृश्यं म्हणजे नुसते काळे डाग. टीव्ही खराब आहे का?
— वाचक, पुणे

टीव्ही ठीक आहे. कंपनीने दुकानातल्या झगझगाटासाठी केलेली सेटिंग तशीच राहिली आहेत.

गुळगुळीतपणा आधी घालवू. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही मधल्या जागी स्वतःच चित्रं तयार करून भरतो, म्हणून ते मालिकेसारखं दिसतं. हे बंद करायचं बटण प्रत्येक कंपनीने वेगळ्या नावाने ठेवलंय: एलजीत ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’, सॅमसंगमध्ये ‘पिक्चर क्लॅरिटी’ किंवा ‘ऑटो मोशन प्लस’. पिक्चर मोडमध्ये ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच निवडा, त्यात हे आपोआप बंद होतं. नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’. ‘व्हिव्हिड’ मात्र कधीच नको.

काळ्या डागांची कारणं बहुतेक वेळा तीन. एक म्हणजे वीज वाचवायचा मोड किंवा खोलीतला उजेड मोजणारा सेन्सर. खोली अंधारी झाली की तो पडदाही मंद करतो. दोन्ही बंद करा. दुसरं कारण एचडीएमआय केबलवरून येणाऱ्या चित्राचं. त्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पातळी ‘फुल’ किंवा ‘लिमिटेड’ अशा दोन प्रकारे मोजतात. लॅपटॉप किंवा प्लेअर ‘फुल’ सिग्नल पाठवतोय आणि टीव्ही ‘लिमिटेड’ समजून दाखवतोय, तर गडद छटा सगळ्या काळ्यात बुडतात. याच्या उलट झालं तर काळं राखाडी दिसतं. दोन्हीकडे एकच पर्याय ठेवा. सिनेमासाठी ‘लिमिटेड’ पुरतं. तिसरं कारण इंटरनेट. वेग कमी पडला की ॲप चित्राचा दर्जा उतरवतं आणि त्याचा फटका सगळ्यात आधी अंधाराला बसतो. भिंतीवरच्या सावलीत चौकोन आणि पट्टे दिसू लागतात. ॲपमध्ये डाउनलोडची सोय असेल तर दुपारीच उत्तम दर्जाचं डाउनलोड करून ठेवा.

मग ब्राइटनेस. बऱ्याच टीव्हींवर ‘ब्राइटनेस’ म्हणजे काळ्याची पातळी आणि ‘बॅकलाइट’ म्हणजे उजेड, पण काही नव्या टीव्हींत काळ्याच्या पातळीला ‘ब्लॅक लेव्हल’ हे वेगळं नाव असतं. मेनूत नीट पाहून घ्या. काळा कोट घातलेला माणूस अंधारात उभा आहे अशा दृश्यावर सिनेमा थांबवा. कोटाच्या चुण्या दिसेपर्यंत काळ्याची पातळी वाढवा आणि मागचा अंधार राखाडी वाटायच्या आत एक पायरी खाली आणा. ट्यूबलाइट बंद ठेवा. मिट्ट काळोखात डोळे दुखत असतील तर पडद्यामागे एक मंद पांढरा दिवा लावा, पडद्यावर त्याचं प्रतिबिंब पडणार नाही असा.

जाता जाता: ‘द इनोसंट्स’ (१९६१) लावणार असाल तर सुरुवातीला पडदा बराच वेळ काळाच राहतो आणि फक्त गाणं ऐकू येतं. तिथे सेटिंग बदलू नका. त्यात चौकटीच्या कडा काळवंडलेल्या दिसतात, त्याही छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस यांनी रंगवलेले फिल्टर वापरून तशा केल्या आहेत.

संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्या क्षणी किंकाळी. शेजारच्या खोलीत सासूबाई झोपलेल्या असतात.
— वाचक, नाशिक

सिनेमाचा आवाज ५.१, म्हणजे सहा वाटांचा (चॅनलचा) असतो आणि संवाद मधल्या वाटेतून येतात. तुमच्या टीव्हीला दोनच स्पीकर. सहाचे दोन करताना संवाद दबतात. ॲपच्या ‘ऑडिओ’ यादीत ‘५.१’ऐवजी ‘स्टिरिओ’ मिळत असेल तर तो निवडा. एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. टीव्ही किंवा साउंडबारमध्ये ‘नाइट मोड’ असेल तर तो मोठा आवाज दाबतो आणि लहान वर आणतो. पण भयपटात हा शेवटचा उपाय समजा, कारण शांतता आणि दणका यांतलं अंतर गेलं की अर्धी भीती गेली.

सासूबाईंची झोप मोडू नये म्हणून हेडफोनच बरे. वायरचे घ्या. ब्लूटूथवर आवाज किंचित मागे पडतो. पुष्कळ ॲप हा फरक भरून काढतात, टीव्ही मात्र नेहमीच काढतो असं नाही, आणि दार आपटल्यानंतर क्षणभराने आवाज आला तर भीतीऐवजी हसू येतं. विंडोज लॅपटॉपवर व्हीएलसी हा मोफत व्हिडिओ प्लेअर असेल तर ‘जे’ आणि ‘के’ या कळांनी आवाज ५० मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी मागेपुढे सरकवता येतो.

कोरियन सिनेमाची डीव्हीडी आहे, सबटायटलची फाइल वेगळी मिळाली. सुरुवातीला जुळते, पण अर्ध्या तासात पार मागे पडते. दर वेळी सरकवून कंटाळा आला.
— वाचक, सोलापूर

सरकवून हे कधीच जुळणार नाही. आधी तपासून घ्या. पहिल्या संवादाला किती सेकंदांचा फरक आहे आणि शेवटच्याला किती? दोन्हीकडे सारखाच असेल तर फक्त सरकवायचं: विंडोजवरच्या व्हीएलसीत ‘जी’ आणि ‘एच’. फरक हळूहळू वाढत असेल तर वेगाची गडबड आहे. युरोपी पद्धतीच्या डीव्हीडीवर सिनेमा सेकंदाला २४ऐवजी २५ चित्रांच्या वेगाने चालतो, म्हणजे सुमारे चार टक्के लवकर. शंभर मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो. तुमची डीव्हीडी अशी २५ची आणि फाइल २३.९७६ची, म्हणजे जवळपास २४ची असणार. तासाभरात अडीच मिनिटांचा फरक पडतो तो यामुळे. ‘सबटायटल एडिट’ हा मोफत प्रोग्राम घ्या, त्यात ‘चेंज फ्रेम रेट’मध्ये २३.९७६वरून २५ करा, नवी फाइल सेव्ह करा.

आणि एखाद्या ठिकाणापर्यंत बरोबर, तिथून पुढे अचानक चुकत असेल, तर तुमची प्रत आणि फाइल वेगवेगळ्या संकलनाच्या आहेत. मग दुसरी फाइल शोधणं हाच उपाय.

१९२२चा ‘नोस्फेराटू’ हा जर्मन मूकपट पाहिला. पिशाच लख्ख उन्हात फिरतं! लोक याला का घाबरायचे?
— वाचक, ठाणे

तुम्ही पाहिलेली प्रत चुकीची. त्या काळी रात्रीची दृश्यं दिवसा चित्रित करत आणि मग फिल्म निळ्या रंगात बुडवत. निळं म्हणजे रात्र, हे प्रेक्षकाला ठाऊक असे. नुसत्या कृष्णधवल प्रतीत तो रंग गेला आणि दिवस उरला. रंगछटा परत आणलेली प्रत शोधा. लांबीही पाहा: तासाभराच्या आसपास असेल तर ती जास्त वेगाने चालवलेली किंवा कापलेली आहे, नीट प्रत दीड तासाच्या पुढे जाते. मूकपटात माणसं तुरुतुरु चालताना दिसली की ती प्रत तिथेच बंद करावी.

मुलगा दहा वर्षांचा आहे, आमच्यासोबत बसायचा हट्ट करतो.
— वाचक, रत्नागिरी

ओटीटीवर सिनेमाच्या सुरुवातीला यू/ए ७+, १३+, १६+ असं वर्गीकरण येतं, शेजारी कारणही लिहिलेलं असतं. १३+च्या पुढचं काही नको. डोळे झाकून भागत नाही, कारण भीती कानातून जास्त शिरते. नको त्या जागी सरळ आवाज बंद करा. आणि सिनेमा संध्याकाळी सहाला लावा, झोपायच्या आधी मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या.

मराठीत किंवा आपल्याकडच्या इतर भाषांत वेगळं काही?
— वाचक, इंदूर

‘लपाछपी’ (२०१७) पाहिला नसेल तर आधी तो. उसाच्या शेतातलं एकाकी घर आणि गरोदर बाई. दिग्दर्शक विशाल फुरिया यांनीच तो हिंदीत ‘छोरी’ (२०२१) म्हणून पुन्हा केला. दोन्ही पाहायचे तर मराठी आधी, कारण रहस्य एकच आहे. मल्याळममधला ‘भूतकालम’ (२०२२) आई-मुलाचा आहे. पहिला तासभर भूत आहे की आजारपण हेच कळत नाही. घरात नुकतं कुणी गेलं असेल तर हा पुढच्या सुट्टीसाठी ठेवा.

सत्यजित राय यांच्या ‘तीन कन्या’तली (१९६१) दुसरी गोष्ट ‘मणिहारा’ ही टागोरांची भूतकथा आहे. दागिन्यांच्या हव्यासाची. पण परदेशात हा सिनेमा ‘टू डॉटर्स’ नावाने गेला तेव्हा नेमकी हीच गोष्ट कापली होती. प्रत घेताना लांबी पाहा: दोन तासांच्या आतली असेल तर त्यात भूत नाही, पूर्ण सिनेमा पावणेतीन तासांच्या पुढे जातो.