बिल थकलं म्हणून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही

प्रश्न : मिस्टरांचा मोटारसायकलवर अपघात झाला. तातडीने पुण्याला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नेलं, मांडीत रॉड टाकला. १ लाख डिपॉझिट घेतलं, आतापर्यंत एकूण १,९०,००० भरले. त्यासाठी भावाने दोन गायी विकल्या. डॉक्टर म्हणतात घरी न्या, पण बिलिंगवाले म्हणतात उरलेले २,८५,००० भरल्याशिवाय गेटपास नाही, नाहीतर सही केलेला कोरा चेक द्या. आमचं रेशन कार्ड केशरी आहे, तहसीलच्या दाखल्यावर उत्पन्न १,४४,००० आहे. २० गुंठे जमीन विकायला काढावी का? – एक भगिनी, बीड जिल्हा

ताई, जमिनीचा व्यवहार आधी थांबवा. इसार घेतला नसेल तर घेऊ नका. अडल्यावेळी विकलेल्या जमिनीला काय भाव मिळतो हे तुम्हाला मी सांगायला नको. चेकही देऊ नका. सही तुमची असली की त्यावर आकडा कुणी लिहिला याला कोर्टात फारसा अर्थ उरत नाही. तो चेक वटला नाही तर चेक बाउन्सचा, म्हणजे कलम १३८ चा फौजदारी खटला तुमच्यावर उभा राहतो. आज जी उधारी आहे तिचा उद्या गुन्हा होईल.

आता बिलाकडे या, कारण मला वाटतं खरा घोळ तिथेच आहे. ट्रस्टचं हॉस्पिटल म्हणजे धर्मादाय रुग्णालय. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ एए आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना अशा रुग्णालयांवर बंधनकारक आहे. त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्याच लागतात. या खर्चासाठी ते बाकीच्या पेशंटांच्या बिलातून २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’त बाजूला काढतात. हॉस्पिटलात याला आयपीएफ म्हणतात. वर्षाला १,८०,००० पर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब निर्धन, ३,६०,००० पर्यंतचं दुर्बल घटक. तुमचा दाखला १,४४,००० चा आहे. म्हणजे तुम्ही सवलतीत नाही, मोफत गटात बसता. हे तुम्हाला काउंटरवर कुणीही सांगितलं नाही, याचा मला मनापासून राग येतो.

तेव्हा उद्या सकाळी बिलिंगच्या खिडकीवर न जाता हॉस्पिटलातल्या वैद्यकीय समाजसेवकाला, म्हणजे एमएसडब्ल्यूला गाठा. अर्ज साधा असू द्या : ‘माझे पती अमुक तारखेपासून अमुक वॉर्डात दाखल आहेत. आमचे वार्षिक उत्पन्न १,४४,००० रुपये आहे. त्यांना निर्धन रुग्ण म्हणून योजनेचा लाभ द्यावा, बिल त्याप्रमाणे नव्याने करावे व भरलेल्या रकमेचा हिशोब द्यावा.’ सोबत दाखला आणि रेशन कार्डाची झेरॉक्स जोडा. दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. पोच देत नसतील तर तिथूनच ईमेल करा किंवा रजिस्टर एडीने पाठवा. तोंडी बोलणं मागे राहत नाही.

ते म्हणतील, ‘दाखल होतानाच अर्ज करायला हवा होता.’ हे मान्य करू नका. अपघाताचा पेशंट दारात आला की आधी दाखल करून घ्यायचं, डिपॉझिट मागायचं नाही, असं त्याच योजनेत आहे. तुमच्याकडून १ लाख घेतले तिथेच पहिला नियम मोडला. ‘खाटा भरल्या आहेत’ असं म्हणाले तर ते लेखी मागा. तपशीलवार बिलही मागा, आणि त्यात रॉड व स्क्रूची खरेदी किंमत वेगळी दाखवायला सांगा. योजनेत औषधं आणि इम्प्लांट खरेदीच्या किमतीलाच धरायची असतात, त्यावर नफा लावायचा नसतो. अर्जाची एक प्रत पुण्याच्या धर्मादाय सह आयुक्तांच्या कार्यालयात त्याच दिवशी द्या. हे सगळं मिस्टर वॉर्डात असतानाच करा. एकदा डिस्चार्ज झाला आणि पैसे भरून मोकळे झालात की परताव्यासाठी फार झगडावं लागतं. महात्मा फुले योजनेत हे हॉस्पिटल आहे का, तेही तिथल्या आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ वर विचारून घ्या.

आता अडवून ठेवण्याबद्दल. हॉस्पिटलचे पैसे खरोखर येणं असतील तर त्यांना दिवाणी कोर्टाचा रस्ता मोकळा आहे. माणूस तारण ठेवायचा रस्ता कायद्यात नाही. बिलाच्या वादावरून पेशंटला किंवा मृतदेहाला रोखता येणार नाही, हे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत स्पष्ट लिहिलं आहे. दिल्ली उच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये हेच बजावलं. डॉक्टरांनी घरी न्या म्हटल्यावर गेटवर अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली बेकायदा कैदेत ठेवण्याचा गुन्हा होतो. अडवलं तर ११२ ला फोन करा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. ‘ही दिवाणी बाब आहे’ असं उत्तर हमखास मिळतं. तेव्हा शांतपणे सांगा : बिल दिवाणी आहे, अडवणूक नाही. तरीही तक्रार घेतली नाही तर तीच पोलीस उपायुक्तांकडे पाठवा. महापालिकेच्या आरोग्य विभागाकडेही तक्रार करा. नर्सिंग होम नियमांनुसार तक्रार निवारणाची व्यवस्था ठेवणं त्या विभागाचं काम आहे.

एक सापळा मात्र ओळखा. बाहेर पडण्याच्या घाईत तुमच्यापुढे ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत आहे’ असा कागद ठेवतील. डॉक्टरांनीच घरी न्या म्हटलं असेल तर त्यावर सही करू नका. पुढे टाके चिघळले तर तो कागद तुमच्याच अंगावर येईल. केसपेपर, एक्स-रे आणि ऑपरेशन नोट्स लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत त्या देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

तुम्ही पत्रात शेवटी ‘आम्ही गरीब, आमची काय ताकद’ असं लिहिलंय. १९९२ साली बंगालमध्ये हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार लागलेला असताना एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी त्याला ‘खाट नाही’ म्हणून परत पाठवलं. त्याच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ठरवलं की वेळेवर उपचार न देणं हा घटनेच्या कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि सरकारला २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली. राजस्थानसारखा आरोग्य हक्काचा वेगळा कायदा महाराष्ट्रात नाही, पण कलम २१ सगळ्या देशाला आहे.

जास्तीचं बिल परत मिळालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. तिथे ‘योजनेत उपचार फुकट झाले, मग हे ग्राहक कसले?’ असा बचाव होईल. तो टिकत नाही. जिथे इतरांकडून पैसे घेतले जातात तिथला मोफत रुग्णही ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलंय. मुदत २ वर्षांची आहे, आणि तक्रार बीडमध्येच करता येते. वकिलाची फी देण्याची गरज नाही. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा, आणि जाताना अर्जाची पोच, डिपॉझिटची पावती व तपशीलवार बिल सोबत न्या.