‘कंट्री हाऊस’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा: इंग्रजी कादंबरीच्या अनुवादात ‘कंट्री हाऊस’ला ‘खेड्यातलं घर’ म्हटलं, संपादकांनी त्याचं ‘फार्महाऊस’ केलं. बरोबर काय?

माझ्या मते दोन्ही नाही, आणि ‘फार्महाऊस’ने तर अर्थच उलटा होतो. आपल्याकडे फार्महाऊस म्हणजे कर्जत-अलिबागकडची शनिवार-रविवारची जागा. इंग्लंडात ते बहुधा कुळाचं घर असे. ते कूळ ज्याला खंड भरी, त्या जमीनदाराचं घर म्हणजे कंट्री हाऊस. डेव्हनशरच्या ड्यूकांचं लंडनमध्ये पिकॅडिलीला एक घर होतं, ते १९२४ साली पाडलं गेलं. डर्बीशरमधलं चॅट्सवर्थ मात्र त्यांचं गावाकडचं मुख्य ठाणं. शहरातल्या घराला जोड म्हणून गावी, एवढाच त्या ‘कंट्री’चा अर्थ.

आपल्याकडच्या सरदारांचाही एक वाडा पुण्यात नि एक गावी असे. म्हणून मी ‘गावचा वाडा’ म्हणेन, पुढे नुसतं ‘वाडा’. ‘गढी’ नको. गढी म्हटली की तटबुरूज आले, आणि यातल्या बहुतेक घरांना हल्ल्याची धास्तीच उरली नव्हती. १५९०च्या दशकात बांधलेल्या हार्डविक हॉलबद्दल तर म्हणच पडली की तिथे भिंतीपेक्षा काच जास्त.

‘वाडा’ही पुरता बसत नाही, हे मान्य. आपला वाडा आत, चौकाकडे बघतो. ही घरं बाहेर, दूरवर पसरलेल्या आपल्याच हिरवळीकडे. तेवढं एका वाक्यात वर्णनात सांगून टाकावं.

विशेषनामं मात्र तशीच ठेवा. ब्लेनहाइम ‘पॅलेस’ राजाचा नव्हे, सेनापती मार्लबरोचा. १७०४ची लढाई जिंकल्याबद्दल त्याला ती जागा मिळाली. ‘ॲबी’चा ‘मठ’ केलात तर वाचक जोगी शोधत बसेल. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४०मध्ये मठ बरखास्त केले, ते दरबाऱ्यांच्या हाती गेले, आणि नाव तेवढं चिकटून राहिलं. विल्टशरचं लेकॉक ॲबी हे मूळचं जोगिणींचं. नव्या मालकाने चर्च पाडलं, पण मधल्या मोकळ्या जागेभोवतीच्या कमानदार ओवऱ्या ठेवल्या आणि वर राहायच्या खोल्या केल्या. लेकॉकचा प्रसंग अनुवादात आला, तर तिथे ‘चौक’ हा शब्द खुशाल वापरा.