बॅलेवेड्यांना सुट्टीत काय द्यायचं? (शूज सोडून बोला)

प्रश्न : ताई, माझी भाची अकरा वर्षांची आहे, बॅलेच्या क्लासला जाते आणि सध्या घरभर चवड्यांवरच चालते. डिसेंबरच्या सुट्टीत सगळे भेटणार आहोत तर तिला ते बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचायचे सॅटिनचे रिबिनवाले पॉइंट शूज सरप्राइज द्यावेत असं मनात आहे, तिच्या आईकडून साइज पण गुपचूप काढून घेतलाय. मागवू ना? — हौशी मावशी

उत्तर : मावशी, नका मागवू! तो साइज इथे फारसा कामाचा नाही. पॉइंट शूजचं पुढचं टोक असतं ना, बॉक्स म्हणतात त्याला, ते कापडाचे नि कागदाचे थर पेस्टने चिकटवून, वाळवून कडक केलेलं असतं आणि आत तळव्याखाली शँक नावाची ताठ पट्टी. बोटं लांब की आखूड, अंगठा पुढे की शेजारचं बोट पुढे, पाऊल रुंद की निमुळतं, कमान किती, हे सगळं बघून फिटर एकामागून एक जोड्या घालून उभं राहायला लावतो आणि मग कुठे एक ठरते. रोजच्या बुटांचा नंबर अगदी सेम असलेल्या दोन मुलींना दोन वेगळे शूज लागू शकतात. आणि मुळात पॉइंटवर कधी चढायचं हे टीचर सांगतात. साधारण अकरा-बारा वर्षांच्या पुढे, तेही काही वर्षं नीट क्लास झालेला असेल आणि घोटे, पावलं, पोट यांत ताकद आली असेल तरच. तुम्ही शूज हातात दिलेत तर ती क्लासची वाट बघत बसणार नाही हो, त्याच संध्याकाळी सोफ्याला धरून चढून बघणार, आणि घोटा मुरगळला की सुट्टी गेली. ते पावलाची कमान वाढवून देतो म्हणणारं स्ट्रेचर यंत्रही नको, वाढत्या वयातल्या पायावर जबरदस्ती करणारं काहीच मी मुलांना देणार नाही.

मग द्यायचं काय? ज्या गोष्टी सतत संपतात नि हरवतात त्या. अंबाड्याच्या पिना, जाळ्या, पण तिच्या केसांच्या रंगाच्याच, आणि त्या ठेवायला चेनचं छानसं पाऊच. लेग वॉर्मर, क्लासच्या आधी अंगावर घालायचं रॅप स्वेटर, बॅलेची बॅग. लिओटार्ड, म्हणजे तो अंगाला घट्ट बसणारा एकसंध ड्रेस, दिसायला फार गोड पण आधी आईला विचारा, कारण बऱ्याच क्लासमध्ये प्रत्येक लेव्हलचा रंग ठरलेला असतो आणि मापही नुसत्या वयावरून कळत नाही, खांद्यावरून दोन पायांच्या मधून परत त्याच खांद्यापर्यंत टेप फिरवून घ्यावं लागतं. आणि शूज द्यायची हौस जातच नसेल तर एका कार्डावर लिहा, "टीचर हो म्हणतील त्या दिवशी पहिल्या फिटिंगला आपण दोघी जायचं, पैसे मावशीचे." मला विचाराल तर हेच सगळ्यात भारी गिफ्ट आहे.

प्रश्न : ताई, सासूबाई स्वतः कधी नाचल्या नाहीत पण बॅले बघायचं प्रचंड वेड. घरात नाचऱ्या बाहुल्या, म्युझिक बॉक्स, कप, फोटोफ्रेम, सगळं झालंय. आता अजून एक बाहुली दिली तर त्या हसून घेतील आणि कपाटात ठेवतील. नटक्रॅकर हा नाताळचा बॅलेही त्या दरवर्षी बघतात. — सून

उत्तर : अगं, त्यांना वस्तू नकोच देऊस, तिकीट दे. आणि एक नाही, दोन दे, शेजारच्या खुर्चीत तू बस, कारण बॅले बघणाऱ्या माणसाला मध्यंतरात बोलायला कोणीतरी लागतंच.

आता कुठलं तिकीट. नटक्रॅकर 1892 च्या डिसेंबरमध्ये सेंट पीटर्सबर्गला पहिल्यांदा झाला, चायकोव्हस्कीचं संगीत लोकांना आवडलं होतं पण बॅलेचं तेव्हा फार कौतुक झालं नव्हतं, आणि सुट्ट्यांमध्ये तो बघायचाच ही सवय तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी लागली, 1954 मध्ये न्यू यॉर्कला बालनशीन या नृत्यदिग्दर्शकाने बसवला त्यानंतर अमेरिकेत तर ती जोरातच पसरली. तर ज्या बाई दरवर्षी तोच बघतात त्यांना यंदा दुसरं काहीतरी दाखव की. जिझेल हा बॅले कुठे असेल तर डोळे मिटून तिकीट घे, 1841 चा आहे पण दुसऱ्या अंकात त्या पांढऱ्या विली, म्हणजे लग्नाआधीच मेलेल्या मुलींची भुतं, रांगा करून स्टेजभर सरकतात तेव्हा अजूनही काटा येतो. स्वान लेक त्यांना पाठ असेल तर मॅथ्यू बोर्न या नृत्यदिग्दर्शकाने बसवलेला शोध, 1995 चा, त्यात हंस पुरुष आहेत. काहींना अजिबात आवडत नाही तो, पण गप्पांना विषय महिनाभर पुरतो.

जागा घेताना पहिली रांग म्हणजे बेस्ट असं समजू नकोस. जवळून चेहरे दिसतात, शूजची टकटक ऐकू येते, घाम दिसतो, त्याचीही मजा आहेच, पण स्टेज उंच असेल तर पावलंच कापली जातात, आणि बॅलेत पावलं दिसली नाहीत तर काय बघायचं! जिझेल, स्वान लेक अशा ग्रुपच्या रचना असलेल्या बॅलेला बाल्कनीची पुढची रांग घे, वरून त्या रेषा नि वर्तुळं अशी काही दिसतात की विचारू नकोस. बरेचदा स्वस्तही पडते. आणि प्रमुख भूमिकेत कुठल्या दिवशी कोण आहे ते तारीख घ्यायच्या आधी बघ, ज्यांना वेड आहे त्यांना तेच आधी बघायचं असतं.

प्रवास झेपत नसेल तर मोठ्या बॅले कंपन्यांचे शो सिनेमा थिएटरच्या पडद्यावर दाखवतात, तेही चालेल. आणि अगदीच हातात काही द्यायचं असेल तर काही कंपन्या आपल्या डान्सरनी वापरलेले, सही केलेले पॉइंट शूज निधीसाठी विकतात. मळके, टोकाला फाटलेले असतात. सासूबाई ते कपाटात नाही ठेवणार बघ, समोर मांडतील.

प्रश्न : मैत्रीण प्रोफेशनल बॅले करते. तिच्याकडे सगळंच आहे. काय देऊ?

उत्तर : सगळं आहे पण संपतंय पण सगळंच. मोठ्या भूमिकेत पॉइंट शूजची एक जोडी एका शोमध्येसुद्धा मऊ पडून जाते, आणि नवीन जोडीला रिबिनी, इलॅस्टिक स्वतःच शिवत बसावं लागतं. त्यामुळे चांगल्या सुया, छोटी कात्री, बोटांना गुंडाळायची टेप, आणि हसू नकोस, डेंटल फ्लॉस, कारण तो दोऱ्यासारखा वापरतात नि तुटत नाही. फक्त ब्रँड तिचाच घे. रंगाचंही बघ बरं का. गोऱ्या कातडीला मॅच होणारा गुलाबीच सगळीकडे मिळायचा, सावळ्या-काळ्या मुली शूजना फाउंडेशन फासत बसायच्या, 2018 मध्ये फ्रीड या लंडनच्या जुन्या शूज कंपनीने बॅले ब्लॅक या कृष्णवर्णीय आणि आशियाई डान्सरच्या बॅले कंपनीबरोबर तपकिरी शेड आणल्या तेव्हा त्याची बातमी झाली होती. तेव्हा रिबिन, टाइट्स तिच्या शेडच्या आहेत ना बघ. एवढं करायचं नसेल तर सरळ एक मसाज बुक करून दे.

प्रश्न : पुतण्या चौदाचा आहे, बॅले शिकतो. दुकानात जे बघावं ते गुलाबी. — काका

उत्तर : काका, दुकानातला बॅलेचा कोपरा सोडाच, खेळाच्या सेक्शनला जा. फोम रोलर, पाय दाबायचा कडक बॉल, रबरी बँड, अंगाला बसणारे काळे-पांढरे टीशर्ट. मुलगे उड्या मारून मारून आणि जोडीदाराला उचलून उचलून पार दमतात, त्यांना हेच लागतं. डान्स बेल्ट वगैरे आतले कपडे त्याचे त्याला घेऊ द्या, सगळ्या कुटुंबासमोर ते पाकीट उघडायला लावलंत तर पुढच्या वर्षी तो तुमच्याकडे यायचाच नाही. आणि डॉन किहोते हा बॅले कुठे लागला असेल तर घेऊन जा त्याला, त्यातल्या उड्या बघून तुम्हीच खुर्चीतून उठाल.