निगममध्ये कचऱ्याचा डेटा बघायचं काम, मुलीला पाठवावं का?

ताई नमस्कार, तुम्ही लिहिलंय की मुलगी स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला इंदूरच्या नगर निगममध्ये कचरा आणि रिसायकलिंगच्या डेटावर सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळतेय, आणि घरात गदारोळ चाललाय की एवढं शिकून पोरगी कचऱ्यात जाणार का, त्यापेक्षा पुण्याला पाठवून डेटा सायन्सचा दीड लाखाचा कोर्स करू द्यावा. सरळ सांगते, इंटर्नशिप करू द्या, कोर्सचे पैसे आत्ता भरू नका.

इंदूरचं लोकमान्य नगर काय नि रामबाग काय, आपल्या मराठी लोकांना बँक नाहीतर आयटी, मधलं काही दिसतच नाही. इंदूर 2017 ते 2023 दरवर्षी केंद्राच्या स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं (2023 ला सूरतसोबत), पण ते मार्क नुसत्या झाडूचे नसतात हो, शहर जे आकडे देतं ते कागदावर आणि जागेवर तपासले जातात. शिवाय 2016 च्या घनकचरा नियमांत प्लांट चालवणाऱ्याने 30 एप्रिलपर्यंत निगमला आणि निगमने 30 जूनपर्यंत प्रदूषण मंडळाला वार्षिक रिपोर्ट द्यायचा असं ठरवून दिलेलं, म्हणजे किती गोळा झाला, किती प्रोसेस झाला, किती पुरला हे कोणीतरी बसून जुळवावंच लागतं. (नियम बदलत राहतात, तिला ताजी अधिसूचना स्वतः वाचायला लावा, कोणाच्या पीपीटीवर जाऊ नये.)

आता काम नेमकं काय ते सांगते, कारण घरच्यांचा सगळा गैरसमज इथेच आहे. शहरात एकूण 85 वॉर्ड, प्रत्येकातली गाडी ट्रान्सफर स्टेशनवर (कचरा मोठ्या गाडीत भरतात तिथे) जाते, तिथून पुढे प्लांटला, आणि काट्यावर वजनाची स्लिप निघते. डेटा जन्मतो तो त्या स्लिपवर, कॉम्प्युटरवर नाही. देवगुराडियाला फेब्रुवारी 2022 मध्ये ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा बायो-सीएनजी प्लांट सुरू झाला, क्षमता रोज 550 टन ओल्या कचऱ्याची. क्षमता 550 म्हणजे रोज 550 प्रोसेस होतोच असं नाही, पण कुठल्याही शहरात रिपोर्टवाला घाईत असला की क्षमतेचाच आकडा 'प्रक्रिया केलेला' या कॉलममध्ये चिकटवून मोकळा होतो. पावसाळ्यात ओला कचरा पाण्यानेच जड होतो, जुलैचं टनेज वाढलं म्हणजे लोक जास्त जेवायला लागले असं नाही ना.

आणि सुक्याचा तर खेळच वेगळा. समजा महिन्यात सॉर्टिंग सेंटरला 100 टन आला, विक्रीच्या पावत्या आहेत 60 टनांच्या, सिमेंट कारखान्याला जाळायला 25 गेला, रिजेक्ट निघाला 5, मग उरलेले 10 कुठायत? गोदामात पडलेत, का काट्यावर तीच गाडी दोनदा मोजली गेली, का कुठली पावती फाइललाच लागली नाही? आणि जाळायला गेलेला 25 रिसायकलिंगमध्ये धरायचा की नाही? आला तेवढा सगळा रिसायकल झाला असं लिहिणं सगळ्यात सोपं, आणि तेच सगळ्यात चुकीचं. वर आपली रद्दी नि भंगार जे थेट कबाडीवाल्याकडे जातं ते तर काट्यापर्यंत येतच नाही, म्हणजे खरं रिसायकलिंग निगमच्या आकड्यापेक्षा जास्तही असू शकतं. हे सगळं जुळवायला स्टॅटिस्टिक्सचीच मुलगी लागते, पायथनचा कोर्स केला म्हणून हे समजत नाही. एक्सेल पक्कं असू दे, थोडं एसक्यूएल, आणि वॉर्डचे नकाशे करायला क्यूजीआयएस, हे फुकट आहे, घरबसल्या शिकता येतं.

पण गोड गोड बोलत नाही, नोकरीचं चित्रही ऐका. नगर निगममध्ये 'डेटा अॅनालिस्ट' अशी पक्की पोस्ट सहसा नसते, असे लोक बहुतेक एजन्सी नाहीतर कन्सल्टंटमार्फत कॉन्ट्रॅक्टवर असतात, आणि पक्क्या टेक्निकल जागा इंजिनिअरिंगवाल्यांसाठी. म्हणजे सरकारी पेन्शनच्या आशेने पाठवत असाल तर नको. खरी वाढ मला बाहेर दिसतेय. फेब्रुवारी 2022 पासून प्लास्टिक पॅकेजिंगवर ईपीआर (उत्पादकाची वाढीव जबाबदारी) लागू आहे, म्हणजे कंपनीने बाजारात टाकलेल्या प्लास्टिकपैकी ठरवून दिलेला वाटा रिसायकल झाल्याचं सर्टिफिकेट दाखवायचं, आणि 2023 मध्ये सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) तपासणीत काही रिसायकलर्सनी लाखोंनी खोटी सर्टिफिकेटं काढल्याचं उघड झालं. मग ही सर्टिफिकेटं तपासणार कोण? ज्याने काट्यावर उभं राहून स्लिपा बघितल्यात तोच पटकन पकडणार. ऑडिट फर्म, रिसायकलिंग कंपन्या, पॅकेजिंगवाले, तिथे हा अनुभव चालतो. पगार सुरुवातीला आयटीएवढा नाही, हे घरात आधीच सांगून टाका.

पुढे एमएस्सी करायची तर पुण्याची घाई कशाला, खंडवा रोडला आपल्याच देवी अहिल्या विद्यापीठात डेटा सायन्सचा विभागही आहे नि स्टॅटिस्टिक्सचाही, राहण्याचा खर्च वाचतो. सहा महिने काम करून मग ठरवू दे, तेव्हा तिला स्वतःलाच कळेल पर्यावरणाकडे ओढा आहे की आकड्यांकडे.

वास येतो, हो. बूट-ग्लव्हज लागतात. सवय होते, नाही झाली तरी सहाच महिने आहेत.

जॉइन करायच्या आधी मात्र हे लेखी घ्या : लेटर निगमचं की एजन्सीचं, स्टायपेंड किती, साइटवर न्यायची सोय कोणाची, सर्टिफिकेटवर सही कोणाची. आणि पहिले पंधरा दिवस काट्यावर नि सॉर्टिंग सेंटरला बसू देणार का हे तिने स्वतः विचारावं, तुम्ही नाही. नुसते फॉर्म भरायला ऑफिसात बसवणार असतील तर सोडा, निकाल लागला की ट्यूलिपच्या पोर्टलवर बघा, 2020 पासून केंद्राने ताज्या पदवीधरांसाठी शहरी निकायांतल्या इंटर्नशिपा तिथे टाकायला सुरुवात केलीये, उज्जैन-देवासचंही काही मिळून जाईल.